पेडणे, डिचोलीतल्या मुलांची ऑनलाइन सुरक्षा : घरात काय ठरवावं, अडचण आली तर कुठं जावं

दूरसंचार खात्याच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल. पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे, सातार्ड्याला किंवा दोडामार्गला उभं राहिलं तर फोन कुठल्या राज्याचा टॉवर पकडतोय, याचा पत्ताही लागत नाही. पोलीस, न्यायालय आणि शिक्षण खातं मात्र दोन राज्यांची दोन आहेत. पेडण्याच्या हायर सेकंडरीत शिकणारी मुलगी, सातार्ड्याहून येणारा तिचा वर्गमित्र आणि दोघं ज्या ग्रुपवर आहेत तो चालवणारा साखळीचा मुलगा, यांच्यात काही विपरीत घडलं तर "आपलं पोलीस स्थानक कुठलं?" याच प्रश्नात घरच्यांचा वेळ जाऊ शकतो. ऑनलाइन प्रकरणात तर पहिले काही तासच सगळ्यात मोलाचे असतात.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पालकांना, शिक्षकांना आणि खुद्द मुलांना उपयोगी पडेल अशी माहिती इथं एकत्र दिली आहे.

हा पट्टा वेगळा का?

पेडणे तालुक्याला हरमल, मोरजी, मांद्रेची किनारपट्टी आहे. हंगामात घरोघरी पाहुणे उतरतात, गेस्ट हाऊस आणि शॅकवर वाय-फाय खुलं असतं आणि परक्या माणसाशी ओळख होणं यात काही नवल राहिलेलं नाही. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांचं लक्ष तिकडे वळलं. डिचोली तालुक्यात खाणी बंद पडल्याची झळ अनेक घरांनी सोसली. आई-बाप दोघंही दिवसभर कामाला, मूल घरी आणि हातात मोबाईल, हे चित्र दोन्ही तालुक्यांत दिसतं. दोडामार्ग, बांदा, आरोंदा इथली मुलं शिकायला आणि नंतर कामाला गोव्यात येतात, म्हणजे मैत्रीही दोन राज्यांत पसरलेली असते.

गोव्याला मुलांच्या शोषणाचा धडा इंटरनेटच्या आधीच मिळाला होता. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स प्रकरण उघडकीस आलं. मुलांना आसरा देण्याच्या नावाखाली त्यांचं शोषण होत होतं आणि त्यांचे फोटो काढले जात होते. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्यानं स्वतःचा बालकायदा केला. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलांचे अश्लील फोटो आढळले तर त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. पर्यटन आस्थापनांमध्ये फिल्टर नसलेलं इंटरनेट मुलांच्या हाती पडू नये, हेही त्या कायद्यानं तेव्हाच सांगितलं. आज फोटो स्टुडिओत धुवायला जात नाहीत, पण कायद्यामागची भीती तीच आहे. फरक एवढाच की पूर्वी परका माणूस किनाऱ्यावर भेटायचा, आता तो रात्री अकरा वाजता अंथरुणातल्या फोनवर येतो.

मुलं कुठं अडकतात?

*गोड बोलून फोटो मागणं.* सुरुवात बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवर किंवा गेमच्या चॅटमध्ये होते. समोरची व्यक्ती त्याच वयाची असल्याचं भासवते, चार-आठ दिवस गप्पा मारते, मग खासगी फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागते. तो मिळाला की सूर बदलतो : "पैसे पाठव, नाही तर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो." मुलींइतकीच मुलंही यात सापडतात, पण मुलगे लाजेपोटी सांगत नाहीत. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, उलट हा देणारा आहे हे समोरच्याला कळतं.

*बनावट फोटो.* शाळेच्या स्नेहसंमेलनातला किंवा चवथीतला साधा फोटो घेऊन एआय ॲपवर त्याचं अश्लील चित्र बनवता येतं. "खरा फोटो नाही, गंमत केली," ही सबब कायद्यात चालत नाही. पोक्सो कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, खऱ्या मुलासारखंच दिसणारं संगणकावर बनवलेलं चित्रही त्याच व्याख्येत येतं.

*गेम आणि पैसे.* मांडवीतल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्या व्यक्तीला प्रवेश नाही. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळाला मात्र दारावर उभा राहणारा कोणी नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात शिक्षेचा रोख असे खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. म्हणून मूल यात पैसे हरलं असेल तर "आपल्यालाच पकडतील" या भीतीनं गप्प बसू नये. बंदी असली तरी परदेशातून चालणारी ॲप आणि टेलिग्रामवरचे ग्रुप लिंक पाठवतच असतात. मटक्याचा आकडाही आता चिठ्ठीवरून फोनवर आला आहे.

*बँक खातं वापरायला देणं.* रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. सोय चांगली आहे, पण धोका नवा आहे. "तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, तुला हजार-दोन हजार सुटतील," असं सांगणारा माणूस त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे तरी लुटलेले पैसे फिरवत असतो. तपास सुरू झाला की पोलीस आधी त्या खातेदाराच्या दारात येतात. एटीएम कार्ड, सिम किंवा खातं "मित्राच्या मित्राला" देणारा मुलगा इथं साक्षीदार राहत नाही, संशयित होतो.

*नोकरीचं आमिष.* दहावी-बारावी झालेल्यांना विमानतळ, क्रूझ, हॉटेल यांच्या नावानं "नोंदणी शुल्क" मागणारे मेसेज येतात. खरी कंपनी मुलाखतीआधी यूपीआयवर पैसे मागत नाही. शिष्यवृत्तीच्या नावानं आधार आणि ओटीपी मागणारेही याच जातीचे.

पहिला तास : काय करायचं, काय नाही

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या क्रमांकावर फोन. हा देशभरचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि पुढे सरकण्याआधी ती रक्कम रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. चोरटे दहा-पंधरा मिनिटांत पैसे तीन-चार खात्यांतून फिरवतात, म्हणून "उद्या बँक उघडल्यावर बघू" म्हणून थांबण्यात नुकसान आहे. सीमेवर राहणाऱ्यांनी फोन लागताच आपलं राज्य, जिल्हा आणि तालुका स्पष्ट सांगावा. हाताशी ठेवायचं ते एवढं : व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, आपल्या बँकेचं नाव.

बँकेलाही त्याच वेळी कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोटा येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, पण कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेच्या माथी. दोन्ही बाबतीत लवकर कळवण्यातच फायदा.

फोटोवरून धमकी येत असेल तर :

- पैसे देऊ नयेत, आणखी फोटो तर मुळीच नाही.
- चॅट पुसू नये. घाबरून सगळं डिलीट केलं की पुरावाच जातो.
- धमकीचे स्क्रीनशॉट घ्यावेत. फक्त नाव पुरत नाही, प्रोफाइलची लिंक आणि फोन नंबरही जपावा. नाव बदलता येतं, लिंकवरून माग काढणं सोपं जातं.
- मग ब्लॉक करावं आणि त्या ॲपमध्येच तक्रार करावी.
- मुलाचा खासगी फोटो "पुरावा" म्हणून काका, मामा, शिक्षक, सरपंच यांना फॉरवर्ड करू नये. असा फोटो पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. तो असेल त्या फोनमध्येच राहू द्यावा आणि फोन पोलिसांना दाखवावा.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते. फोटो फोनमधून बाहेर न जाता त्याची फक्त एक अंकी खूण तयार होते. सहभागी कंपन्या ती खूण जुळवून तो फोटो आपल्या ॲपवरून काढतात. फोटो कुणाला दाखवावा लागत नाही, हे मुलांना सांगितलं की निम्मी भीती जाते.

हद्दीचा प्रश्न : "आमच्याकडे येत नाही" म्हटलं तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. बांद्यात नोंद करून ती पेडण्याला पाठवणं किंवा डिचोलीत नोंद करून दोडामार्गला पाठवणं, हे काम पोलिसांचं आहे. पालकांनी दोन राज्यांत फेऱ्या मारण्याची गरज नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

गोव्यात सायबर गुन्ह्यांसाठी रायबंदरला स्वतंत्र पोलीस स्थानक आहे, पण पेडणे किंवा डिचोलीच्या स्थानकात तक्रार देऊनही काम सुरू होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, म्हणून "साहेब कोण आहेत" हे विचारून घ्यावं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन) महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथं नाव न देताही माहिती देता येते. इंग्रजी जमत नाही म्हणून कुणी अडून राहू नये. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा दिली आहे. अर्ज मराठीत, साध्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहावा.

पोरीला पोलिसांत न्यायचं या विचारानंच अनेक घरं मागे हटतात. त्यांनी पोक्सो कायद्याचं कलम २४ माहीत करून घ्यावं. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेता येते. शक्यतो महिला उपनिरीक्षकानं ती घ्यावी आणि त्या वेळी गणवेश घालू नये. मुलाला रात्री पोलीस स्थानकात ठेवता येत नाही. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जबानीच्या वेळी सोबत राहू शकते. मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो छापण्याला कायद्यानं बंदी आहे आणि ती बंदी वर्तमानपत्रांइतकीच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू पडते. "अमक्याच्या मुलीचं कळलं का?" हा एक मेसेज टाकणारा स्वतः आरोपी होऊ शकतो.

आपलंच मूल चुकलं असेल तर?

ही बाजू घरात फार कमी बोलली जाते. वर्गातल्या मुलीच्या नावानं खोटं अकाउंट काढणं, शिक्षकाच्या फोटोवर घाणेरडं मीम बनवणं, मैत्रीत मिळालेला फोटो भांडण झाल्यावर ग्रुपवर टाकणं, हे करणारीही आपलीच मुलं असतात. त्यांना पुढच्या गोष्टी स्पष्ट माहीत हव्यात.

- दुसऱ्याच्या ओळखीचा किंवा पासवर्डचा गैरवापर : माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ क. दुसरा असल्याचं भासवून फसवणं : कलम ६६ ड. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद.
- कुणाच्या खासगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढणं, पाठवणं : कलम ६६ ई, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- अठरा वर्षांखालच्या मुलाचं अश्लील चित्र टाकणं, पाठवणं, शोधणं, डाऊनलोड करणं : कलम ६७ ब, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं साहित्य पाहणं आणि जवळ ठेवणंही गुन्ह्याच्या कक्षेत येतं, हे स्पष्ट केलं.
- ऑनलाइन पाठलाग, नको म्हटल्यावरही मेसेजचा मारा : भारतीय न्याय संहिता, कलम ७८.

बारावीच्या एकाच बाकावर एक मुलगा १७ वर्षांचा आणि दुसरा १८ पूर्ण केलेला असतो. दोघांनी मिळून तोच व्हिडिओ फॉरवर्ड केला तर पहिल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, दुसऱ्याला सज्ञान आरोपी म्हणून नियमित न्यायालयाला तोंड द्यावं लागतं. अल्पवयात झालेल्या चुकीचा डाग आयुष्यभर राहू नये, अशी बाल न्याय कायद्याची भूमिका आहे. पण अठराव्या वाढदिवसानंतर हे छत्र राहत नाही. पासपोर्ट, परदेशातली नोकरी, पोलीस भरती यांची स्वप्नं बघणाऱ्या पोरांना ही गोष्ट दंडाच्या आकड्यापेक्षा लवकर कळते.

प्रेमात असलेल्या जोडप्यांनाही हे लागू आहे. मुलगी १७ वर्षांची असेल आणि तिनं स्वतःहून फोटो पाठवला असेल, तरी तो फोनमध्ये ठेवणं कायद्यानं धोक्याचंच. तिची संमती इथं ढाल होत नाही. आणि "कुणाला कळणार?" या भ्रमातही राहू नये. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं त्याच अमेरिकी संस्थेशी करार केला. त्यानुसार मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर असं चित्र चढलं तर त्याची सूचना भारतात येते आणि पुढे राज्याच्या पोलिसांकडे जाते.

मूल चुकलं असल्याचं कळलं तर फोन फोडून किंवा फॉरमॅट मारून घरच्यांनी पुरावा नष्ट करू नये. तो वेगळा गुन्हा होतो. व्हिडिओ आणखी पसरू नये म्हणून ग्रुपमधून काढायला लावावा, ज्या मुलीचं किंवा मुलाचं नुकसान झालं त्या घरावर "मिटवून टाका" म्हणून दबाव आणू नये आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. पोक्सोखालचा गुन्हा घडल्याचं माहीत असूनही न कळवणं हाही गुन्हा आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाला तर त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पंचायतीत बसवून किंवा देवळात गाऱ्हाणं घालून असलं प्रकरण संपवता येत नाही.

फोनमध्ये आजच करून ठेवायच्या गोष्टी

- *व्हॉट्सॲप :* प्रोफाइल फोटो आणि 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतो' हे दोन्ही 'माझे संपर्क' वर ठेवावं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावं. 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉग-आऊट. मित्रानं खोडी म्हणून आपल्या लॅपटॉपवर जोडलेलं खातं महिनोन् महिने उघडं राहू शकतं.
- *इन्स्टाग्राम :* किमान वय १३. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात 'टीन अकाउंट' आणायला सुरुवात झाली. त्यात खातं आपोआप खासगी असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात. सोळा वर्षांखालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण मुलानं जन्मवर्ष खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून जन्मतारीख आधी तपासावी.
- *अँड्रॉइड :* गूगलचं 'फॅमिली लिंक' ॲप वापरून नवीन ॲप आणि वेळ यांवर मर्यादा घालता येते. आयफोनमध्ये हेच काम 'स्क्रीन टाइम' करतं.
- *यूपीआय :* पिन मुलाला सांगू नये आणि गेमच्या खात्याला कार्ड जोडून ठेवू नये. मुलाच्या खात्यावर व्यवहाराची मर्यादा कमी ठेवावी.
- *सिम :* अठरा वर्षांखालच्याच्या नावे सिम मिळत नाही, म्हणजे मुलाचा नंबर कुणातरी मोठ्याच्या नावावर असतो आणि चौकशीत पहिलं नाव त्याचंच निघतं. 'संचार साथी' या सरकारी सेवेवर आपल्या नावे किती सिम चालू आहेत ते दिसतं. हरवलेला फोनही तिथंच ब्लॉक करता येतो.

घरातले नियम

सेटिंग कितीही लावली तरी मुलाच्या मित्राचा फोन मोकळाच असतो. त्यामुळे खरा आधार घरातल्या बोलण्याचा. मुलं अडचण लपवतात त्याचं एक मोठं कारण साधं आहे : सांगितलं तर फोन काढून घेतील. म्हणून पहिला नियम पालकांनी स्वतःवर घालून घ्यावा. "तू येऊन सांगितलंस तर त्या दिवशी मी ओरडणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही. आधी प्रश्न सोडवू, मग बाकीचं बोलू." हे वाक्य संकट यायच्या आधी, जेवताना सहज सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. आणि वेळ आली तर ते पाळलंही पाहिजे. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी मूल येत नाही.

घरात वडीलधाऱ्यांपैकी आणखी एक माणूस ठरवावा. आत्ये, मावशी, मोठा चुलतभाऊ, कुणीही चालेल. बाबांना सांगवत नसेल तर त्या माणसाला सांगायचं, आणि त्यानं बाबांशी बोलायचं.

रात्री झोपताना सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. लहान मुलांचे फोटो शाळेच्या गणवेशात, गावाच्या नावासह टाकण्याची सवय मोठ्यांनीही सोडावी. शाळा, गाव, वय आणि नाव ही चार माहिती एका फोटोत मिळाली की परक्याला ओळख काढायला फार काही लागत नाही.

मुलाचा फोन चोरून तपासावा का, हा नेहमीचा प्रश्न. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा फोन त्याला सांगून, त्याच्यासमोर बघायला हरकत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर पाळत ठेवली तर ते दुसरं खातं काढतं आणि घरच्यांना फक्त पहिलं दिसत राहतं. मूल एकदम गप्प झालं, जेवण तुटलं, फोन वाजला की दचकतं, घरातले पैसे कमी होऊ लागले, शाळेला जायला नको म्हणतं, या खुणा मात्र फोन न उघडताही दिसतात.

शाळा आणि गाव काय करू शकतात?

गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात. आपल्या शाळेत ते कुठल्या दिवशी येतात, हे पालक-शिक्षक संघानं विचारून वर्गात लावून ठेवावं. सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातं, त्याच तासाला पासवर्ड आणि फॉरवर्ड यांवर बोलणं सहज जमेल. सीमेपलीकडून येणाऱ्या मुलांच्या पालकांचे नंबर शाळेकडे असावेत आणि दोन्ही बाजूंच्या पोलिसांचेही.

गावच्या ग्रुपचे ॲडमिन, मंडळांचे कार्यकर्ते यांनी एक ठरवलं तरी पुष्कळ : कुणा मुलाबद्दलचा व्हिडिओ आला तर तो तिथंच थांबवायचा. जत्रेतल्या भांडणाचा, दोन गावांतल्या वादाचा, देव-धर्मावरून चिडवणारा व्हिडिओ सगळ्यात आधी पोरं पुढे पाठवतात. मोठ्यांनी थांबवला नाही तर त्यांना तो बरोबरच वाटतो.

वयाची बंदी येणार का?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. तिथं दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनीही अशा बंदीचा विचार सुरू असल्याचं सांगितलं. देशपातळीवर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल मानतो. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. बंदी एका राज्यानं घातली आणि शेजारच्यानं नाही, तर एकाच सर्कलमध्ये, एकाच वर्गात दोन नियम होतील. पेडणे-सावंतवाडी, डिचोली-दोडामार्ग या पट्ट्याला त्याची अडचण सर्वांत आधी जाणवेल.

भिंतीवर लावून ठेवायचे क्रमांक

- १९३० : ऑनलाइन पैशांची फसवणूक
- ११२ : पोलीस, तातडीची मदत
- १०९८ : मुलांसाठी मदत. मूल स्वतः फोन करू शकतं, चोवीस तास, मोफत
- १४४१६ : टेली-मानस, मनावरचा ताण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. फोन मोफत, मराठीतही बोलता येतं

धमकीच्या प्रकरणात मूल "आता सगळं संपलं" असं बोलू लागलं तर पोलीस, बँक, शाळा सगळं नंतर. आधी त्याला एकटं सोडू नये आणि १४४१६ ला फोन लावावा. जीव धोक्यात वाटला तर ११२. गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, सिंधुदुर्गात जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. फोटो काढून टाकता येतो, खातं बंद करता येतं, गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात, हे त्या घडीला मुलाला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.